स्नायू आणि वार्धक्य : संशोधनात येणाऱ्या नवोदितांसाठी सांगलीतील अनुभव

फिजिओथेरपीची पदवी किंवा शरीरक्रियाशास्त्रातील एम.एस्सी. झाल्यावर वार्धक्यातील स्नायूंवर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा आधी यंत्रांची चौकशी करतात: डेक्सा (शरीरातील हाडे, चरबी व स्नायूंचे प्रमाण मोजणारे क्ष-किरण यंत्र) कुठे मिळेल, स्नायूची बायोप्सी कोण करून देईल? सांगली-मिरज परिसरातील ज्येष्ठांच्या तपासण्या करताना माझे मत असे झाले आहे की, सुरुवातीचा काळ पकड मोजण्याचा डायनामोमीटर, एक भक्कम खुर्ची आणि स्टॉपवॉच यांवरच घालवावा.

वयोमानाने स्नायूंची झीज होण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास दिले. तथापि चेतापेशी कमी होत जातात आणि जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होतात, त्यामुळे स्नायूंचे वस्तुमान घटते त्यापेक्षा ताकद वेगाने घटते. म्हणूनच ताकदीची चाचणी इतकी महत्त्वाची ठरते. सार्कोपेनियावरील आशियाई तज्ज्ञांच्या कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असल्यास, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद वा अधिक लागल्यास पुढील तपासणी करावी लागते.

आकडे पाठ होतात. मोजणी शिकावी लागते. जामार डायनामोमीटर वापरताना व्यक्तीला बसवून कोपर काटकोनात ठेवायला सांगतात, तर स्मेडली प्रकाराचे उपकरण उभे राहून, हात सरळ ठेवून वापरतात. एकाच अभ्यासात या दोहोंची सरमिसळ झाली की तुलना निरर्थक ठरते. खुर्चीची उंचीही सर्व गावांत सारखीच हवी. उठताना हात छातीवर घ्यायला सांगितले की "हात टेकला तर चालतंय का?" हा प्रश्न हमखास येतो. चालत नाही, पण कोणाला हात टेकावा लागला याची नोंद अवश्य करावी. खुरपणी करणाऱ्या आणि धारा काढणाऱ्या माणसांची पकड निकषाच्या बरीच वर असते, आणि तीच माणसे गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय उठू शकत नाहीत. आपल्या भागात केवळ पकडीवर विसंबणाऱ्या प्रबंधावर माझा तरी विश्वास बसत नाही.

व्यायामाचा परिणाम तपासायचा असेल तर मारिया फियाटारोन यांचा १९९० चा अभ्यास आधी वाचावा. नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे वजनांचा जोरकस व्यायाम केल्यावर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. सहभागी मोजकेच होते, हेही विसरू नये.

आहाराची नोंद घेताना भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दूध किती, हे घरच्या वाटीने विचारावे. भारतीय शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात.

वेळापत्रक मात्र इथल्या शेतीकडे पाहूनच ठरवावे. ऊसतोड सुरू झाली की घर आणि नातवंडे आजी-आजोबांवर येतात, आणि पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की नदीकाठच्या गावांतून कोणी व्यायामाला येत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरील (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतील) नोंदणी पहिला सहभागी घेण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी, त्यामुळे ही कागदपत्रे हंगामाच्या कितीतरी आधी हातावेगळी करावीत. संमतीपत्र मराठीत असावे, अंगठा उमटवणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार असावा, आणि तुलनेसाठी व्यायामाविना ठेवलेल्या गटालाही अभ्यास संपल्यावर तोच व्यायाम शिकवण्याची तरतूद पहिल्याच मसुद्यात लिहावी.