इंटरनेटवर सापडलेली गंमत दुसऱ्याला कशी पाठवावी

इंटरनेटवर भटकताना काही भन्नाट हाती लागलं, की बोट आपोआप ‘फॉरवर्ड’कडे जातं. जरा थांबा.

आधी मूळ गाठा. दहा हातांतून फिरून आलेला स्क्रीनशॉट पाठवू नका. फोटो असेल तर तो आधी कुठे आलाय ते शोधून देणाऱ्या गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाकून बघा. तोच फोटो जुन्या तारखेला भलत्याच माहितीसह सापडला, तर विषय तिथेच सोडा. पानच गायब झालं असेल, तर त्याचा पत्ता वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर टाका. जुनी प्रत बऱ्याचदा मिळते.

मग स्वतःच्या दोन ओळी लिहा. खरी मेहनत इथे आहे. ‘हे बघा, भारी आहे!’ एवढ्यावर कुणी लिंक उघडत नाही. माझी एक लाडकी गोष्ट घ्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत लोक कॉफीसाठी लांबून यायचे आणि भांडं रिकामं निघायचं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक परक्यांची कॉफी किती उरलीय ते पाहू लागले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. पाठवताना मी एवढंच लिहीन: ‘कॉफीसाठी फुकटची पायपीट नको म्हणून कॅमेरा लावला, आणि तो जगभर गाजला!’ लिलावाचं मुद्दाम सांगणार नाही. ती मजा वाचणाऱ्याला स्वतः सापडू द्यावी.

लिंकमध्ये ‘यूटीएम’ने (utm) सुरू होणारं शेपूट असेल तर ते छाटा, लिंकवर कोण कुठून आलं याचा माग ठेवण्यासाठीच ते असतं. व्हिडिओ लांब असेल तर नेमका मिनिट सांगा.

शेवटी माणूस निवडा. वोम्बॅट या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याची लेंडी चौकोनी ठोकळ्यासारखी असते, हे शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलं तर बुडून जातं. तेच प्राण्यांवर जीव असलेल्या भाचीला पाठवा, लगेच ‘पण का?’ असा फोन येईल. तेव्हा उत्तर आधीच वाचून ठेवा: वोम्बॅटच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, काही भाग ताठर असतो, काही लवचीक.