उद्यमबाग ते शिनोळी: टेम्पो अडला तर काय लिहायचं, कुठं लिहायचं

उद्यमबागेतून निघालं की बाची, आणि बाची ओलांडलं की शिनोळी. थर्मासातला चहा गार व्हायच्या आत टेम्पो पोचतो. कागदावर मात्र तेवढ्यात तो कर्नाटकातून महाराष्ट्रात गेलेला असतो. हे मला समजायला एक दंड भरावा लागला.

बेळगावातल्या एका मशीन शॉपचं डिस्पॅच मी बघते. आमचे दोन टेम्पो आहेत. कास्टिंग इथं ओतायचं, मशीनिंगला महाराष्ट्रात, म्हणजे शिनोळी, कागल नाहीतर शिरोलीला धाडायचं, परत आणायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले, आम्ही म्हटलं सुटलो. जकात गेली खरी, अडवणूक गेली नाही. कर वेगळा आणि कराशिवायची थांबाथांब वेगळी. या दुसऱ्या प्रकाराला बिगरजकात अडथळे म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

तर आधी दंडाची गोष्ट. माल १८ हजारांचा. ५० हजारांच्या आत ई-वे बिल (माल नेण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागत नाही, असं सगळेच सांगतात, मीही तेच धरून चालले. पण दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला, म्हणजे आपल्याच मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, माल पाठवायचा असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. शिनोळीला जाणारी बादलीभर बुशिंगंसुद्धा त्यात आली. सोबत डिलिव्हरी चलन तीन प्रतींत: एक माल घेणाऱ्याला, एक गाडीत, एक आपल्याकडे. त्या दिवशी अडवणारा बरोबर होता, चूक माझी होती. म्हणून तक्रार लिहायला बसण्याआधी आपले कागद स्वतःच तपासा. आपल्या चुकीवर केलेली तक्रार पुढच्या खऱ्या तक्रारीचं वजनही घालवते.

चूक बारीक असेल तर घाबरू नका. गाडी नंबरातला एखाददुसरा आकडा चुकला, पत्त्याचा पिनकोड चुकला, तर जीएसटीचं १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक आहे, क्रमांक ६४. त्यात अशा चुकांची यादीच आहे आणि त्यावर कलम १२९ ची, म्हणजे माल आणि गाडी अडकवून ठेवायची, मोठी कारवाई करू नका असं सांगितलंय. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला १००० रुपये दंड, विषय संपला. याची प्रिंट दोन्ही टेम्पोंच्या डॅशबोर्डात ठेवलीय. ड्रायव्हरला इंग्रजी वाचता येत नाही, पण कागद पुढं करता येतो.

आता मुख्य काम: घड्याळ बघणं. गाडीला हात दाखवला की ड्रायव्हरनं मला व्हॉट्सॲपवर चारच गोष्टी पाठवायच्या. किती वाजले, कुठं, कोण (जीएसटीवाले, आरटीओ की पोलीस), काय मागितलं. ‘११.४०, तवंदी घाटाखाली, आरटीओ, फिटनेस’ एवढंच. सुटल्यावर परत वेळ. सुरुवातीला आमचा ड्रायव्हर वैतागला. ‘अक्का, गाडी चालवू की पत्र लिहू?’ त्याचंही बरोबर होतं, म्हणून मी व्हॉइस मेसेज चालेल म्हटलं. दुसरा पुरावा आपोआप मिळतो, तो म्हणजे फास्टॅगचा मेसेज. हत्तरगी टोल किती वाजता, कोगनोळी किती वाजता, हे बँकच कळवते. त्या दोन टोलांमध्ये नेहमीपेक्षा दीड तास जास्त लागला, तर तो गेला कुठं हे मग समोरच्यानं सांगावं.

जीएसटीच्या अधिकाऱ्यानं गाडी ३० मिनिटांच्या वर अडवून ठेवली, तर नियमात त्याच्यासाठी वेगळा फॉर्म आहे: ईडब्ल्यूबी-०४. ई-वे बिलाच्या पोर्टलवर वाहतूकदाराच्या लॉगिननं भरायचा. मागतो काय, तर ई-वे बिल नंबर, साधारण ठिकाण, किती वेळ अडवलं, तारीख, वेळ, आणि माहीत असेल तर अधिकाऱ्याचं नाव. नाव माहीत नसलं तरी चालतं, म्हणून नाव विचारून वाद घालत बसू नका. पाच मिनिटांचं काम. गाडी भाड्याची असेल तर हे तुम्हाला भरता येत नाही, ट्रान्सपोर्टवाल्याकडूनच भरून घ्यावं लागतं, आणि तो टाळाटाळ करतो. त्याच्या मागं लागा.

दुसरा नियम ड्रायव्हरला पाठच करून घ्या. वाटेत एकदा मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली की त्याच फेरीत पुन्हा गाडी उतरवून तपासायची नाही, करचुकवेगिरीची ठोस खबर असेल तरच. पहिल्या तपासणीचा अहवाल अधिकाऱ्यानं २४ तासांत ऑनलाइन टाकायचा असतो. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘अहवाल टाकताय ना साहेब?’ एवढं नम्रपणे विचारायचं. आवाज चढवायचा नाही. आवाज चढला की टायरची हवासुद्धा तपासली जाते.

पैशाचं बोलायला सगळे कचरतात, मीही. आमच्या ड्रायव्हरनं एकदा वाटेत ३०० रुपये दिले आणि मला पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही डिझेलचा हिशेब जुळेना म्हणून. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरतात. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. आमचे सात दिवस केव्हाच गेले होते. आता नियम असा की पैसे मागितले की त्याच संध्याकाळी मला सांगायचं, ओरडणार नाही. महाराष्ट्राच्या बाजूला १०६४ वर लाचलुचपत विभाग आहे, कर्नाटकात लोकायुक्त.

बाकी तक्रारींचं असं. केंद्राच्या खात्याबद्दल असेल तर सीपीग्रॅम्स हे केंद्राचं तक्रार पोर्टल. कर्नाटकाच्या खात्यांसाठी १९०२ हा नंबर, महाराष्ट्राच्या खात्यांसाठी ‘आपले सरकार’ पोर्टल. कर्नाटकातल्या कचेरीला अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठीत अर्ज देण्याचा हक्क हा वेगळा विषय, तो आमच्या घरात रोज जेवताना निघतो; पण टेम्पो सोडवायच्या दिवशी तो काढू नये. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. शेजारच्या युनिटमधली अकाउंटंट मुलगी मला लिहून देते, आणि तिच्या मालकाचे कोल्हापूरकडचे मराठी अर्ज मी लिहिते. कुठल्याही बैठकीविना हा सीमाप्रश्न आम्ही सोडवलाय.

एकेका तक्रारीनं गाडी सुटते, अडथळा तिथंच राहतो. तो काढायचा तर वही लागते. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांच्या तीन गटांनी, म्हणजे कोमेसा, ईएसी आणि सॅडकनं, मिळून एक ऑनलाइन नोंदवही केली आहे. व्यापारी किंवा ट्रकवाला तिथं अडथळा नोंदवतो, ती नोंद संबंधित देशाच्या नेमलेल्या माणसाकडं जाते, आणि तिचं पुढं काय झालं हे सगळ्यांना दिसतं. ते वाचल्यावर मी शंभर पानी वही आणली. ठिकाण, वेळ, खातं, कारण, किती मिनिटं, किती नुकसान. नुकसानीचा रकाना विसरू नका. गाडीचं भाडं, हमालांचं बसून राहणं, शिरोलीत मशीन रिकामं राहिलं ते, हे सगळं रुपयांत लिहा. नुसता ‘त्रास झाला’ लिहिलं तर कुणी वाचत नाही.

तीन महिन्यांत ११ नोंदी झाल्या, त्यातल्या ७ एकाच वळणावरच्या. ते पान बेळगावच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडं न्यायचं. डिसेंबर २०१९ मध्ये जीएसटी कौन्सिलनं राज्याराज्यांत तक्रार निवारण समित्या करायचं ठरवलं. त्यांत केंद्राचे अधिकारी, राज्याचे अधिकारी आणि व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. आपण एकट्यानं गेलो तर रडगाणं, चेंबरनं ७ तारखा आणि मिनिटं मांडली तर विषयपत्रिका. आमचं पान अजून तिथवर पोचलेलं नाही. पण तीच नक्कल कागलच्या आमच्या गिऱ्हाइकानं त्यांच्या बाजूच्या संघटनेला दिली, कारण माल अडला की त्यांचंही मशीन थांबतं. दोन्ही राज्यांत एकच पान गेलं पाहिजे, नाहीतर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

ड्रायव्हर आता न विचारता वेळ पाठवतो. परवाचा मेसेज होता: ‘११.१०, संकेश्वर. अक्का, चहाला थांबलोय, हे लिहू नको.’