आयसीयूतला कल्चर रिपोर्ट कसा वाचावा

कल्चर रिपोर्ट, म्हणजे नमुन्यात कोणता जंतू वाढला आणि त्यावर कोणती औषधे चालतील हे सांगणारा अहवाल, हाती पडला की नातेवाइकांची नजर थेट 'आर'च्या, म्हणजे औषध चालत नसल्याच्या खुणांच्या, रांगेवर जाते आणि तिथेच धीर सुटतो. वाचायला सुरुवात मात्र नमुना कशाचा आहे, या वरच्या ओळीपासून करावी. रक्तात क्लेबसिएला हा जिवाणू वाढला असेल, तर ती लागण खरीच समजावी. परंतु बरेच दिवस कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत किंवा व्हेंटिलेटरच्या नळीतून ओढलेल्या स्रावात जंतू सापडला, आणि लागणीची दुसरी काहीच लक्षणे नसली, तर तो तिथे नुसता वस्तीला आलेला असू शकतो. अशा वेळी प्रतिजैविक दिल्यास रुग्णाचा लाभ होत नाही, उरलेल्या चिवट जंतूंना तेवढे रान मोकळे होते.

त्यानंतर नमुना घेतल्याची वेळ पाहावी आणि ती प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधीची आहे का, हे नर्सच्या नोंदीशी ताडून घ्यावे. डोसानंतर घेतलेल्या रक्तात काही वाढले नाही, एवढ्यावरून लागण नाही असे ठरत नाही.

आता तक्ता. 'एस' म्हणजे औषध लागू पडण्याजोगे, 'आर' म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. शेजारचे एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचे, आकडे एकमेकांशी तोलू नयेत, कारण प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते: सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या निकषांनुसार क्लेबसिएलासाठी सेफ्ट्रिॲक्सोनचा 4 हा आकडा 'आर' ठरतो, तर पिपेरासिलिन-टाझोबॅक्टमचा 8 'एस'मध्ये बसतो. एवढ्यावरही थांबता येत नाही. जंतू ईएसबीएल हे सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधे मोडून टाकणारे विकर तयार करणारा असेल, तर गंभीर लागणीत डॉक्टर त्या 'एस'वर न विसंबता बहुधा मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातले प्रतिजैविक निवडतात. कॉलिस्टिन या प्रतिजैविकापुढचा 'आय', म्हणजे 'एस' आणि 'आर'च्या मधला वर्ग, पाहून मात्र बिचकू नये, कारण 2020 पासून त्या निकषांत या औषधाला 'एस' हा वर्गच उरलेला नाही.

मेरोपेनेमपुढेच 'आर' असेल, तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: कार्बापेनेमेझ, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधे मोडणारे विकर, कोणत्या प्रकारचे आहे, याची तपासणी झाली का? ऑक्सा-48 हा प्रकार असल्यास सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम उपयोगी पडू शकते. एनडीएम हा प्रकार असल्यास ते एकटे निकामी ठरते आणि जोडीला ॲझट्रिओनाम द्यावे लागते.