पार्टी पॉपर उडवायचा कसा: पिळायचा कुठे, धरायचा कसा

खानापूरकडच्या एका लग्नात हार घालायच्या घटकेला आमच्या मावसभावाने पॉपर दोन्ही मुठींत आवळला आणि अख्खी नळीच फिरवत बसला. फुटेना. "बिघडलाय काय गा," म्हणत त्याने नळीच्या तोंडाला डोळा लावला. मागून मामांनी हात खेचला म्हणून बरं! घरी येऊन मी उडवून झालेली एक नळी सुरीने उभी चिरली, तेव्हा सगळा मामला उलगडला. (न उडवलेली कधीच चिरू नका.)

आत फटाक्याची दारू नाहीच. तळाशी धातूचं छोटं नळकांडं, त्यात दाबून भरलेली हवा. त्यावर पुठ्ठ्याची चकती, चकतीवर कागद आणि चमकीचे तुकडे, तोंडाला पातळ झाकण. तळ पिळला की आतली स्प्रिंग सुटते, नळकांडं उघडतं आणि कोंडलेली हवा एका झटक्यात पसरून चकतीला पुढे रेटते. तो 'ठाप' आवाज हवेचाच. तुकडे इतके हलके की हवेचा अडथळा त्यांचा वेग लगेच खाऊन टाकतो. मग ते गिरक्या घेत सावकाश उतरतात. पण अगदी तोंडाशी तोच गठ्ठा दगडासारखा लागतो.

दोरी ओढायचा बाटलीसारखा चिमुकला पॉपर मात्र वेगळ्या जातीचा. त्यात टिकलीसारखी कणभर दारू असते, दोरीच्या घर्षणाने ती पेटते.

घेताना बेळगावच्या गणपत गल्लीत घ्या नाहीतर खडेबाजारात, तळ सैल नाही ना आणि झाकण चेपलेलं नाही ना तेवढं बघा. आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि गणपतीत वर फुलोरा उडायच्या ऐवजी गोळा पडतो. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवा.

आता उडवायचं. डाव्या हाताने नळी मधोमध धरा, उजव्याने फक्त तळ. तळावर बाण असतो. त्याच दिशेने, डावा हात जराही न हलवता, एकच जोरकस पिळा. आमच्या शेजारच्या कन्नड अज्जी पोरांना ओरडून सांगतात, "केळगे तिरुगिसु!" म्हणजे खालून फिरव. मावसभावाचं नेमकं तिथेच चुकलं: दोन्ही हात एकाच दिशेने गेले तर पीळ बसणार कसा?

तोंड तिरकं वर, माणसांच्या डोक्यांवरून जाईल असं. वारा पाठीमागून असावा, नाहीतर सगळी चमकी तुमच्याच केसांत. कार्यालयात पंखा आणि झुंबर टाळा. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे उडवणार असाल तर वरच्या तारा आधी बघा. चमकीवर धातूचा मुलामा असतो, त्यातून वीज वाहू शकते. तिथे साध्या कागदाचाच पॉपर घ्यावा. आणि वाट बघायला लागत नाही, पिळला की त्याच क्षणी सुटतो, म्हणून हार गळ्यात पडल्यावरच पिळा.

पिळूनही सुटला नाही तर तोंड भिंतीकडे करून बाजूला ठेवा, पोरांच्या हातात देऊ नका. आणि अंघोळीच्या बंबात तर मुळीच घालू नका. आत हवा तशीच भरलेली असते, तापली की नळकांडं फुटतं.