डंजन्स अँड ड्रॅगन्स: पहिल्या लेव्हललाच उपयोगी पडेल असं कॅरेक्टर कसं बनवावं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकांच्या खेळात गुणांचे आकडे सगळीकडे थोडे थोडे वाटले की कॅरेक्टर कशातच धड राहत नाही. एक काम निवडा आणि ते नीट करा. कोणतं, हे ठरवायला आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आणि सोबतच्या खेळाडूंना विचारा. तिघे लढणारे असतील, तर चौथ्या लढवय्यापेक्षा क्लेरिकची, म्हणजे जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याची, गरज जास्त. इथे २०१४ च्या नियमांनी हिल ड्वार्फ (डोंगरातल्या बुटक्या वंशाचा) क्लेरिक, लाइफ डोमेनचा (उपचाराच्या शाखेचा), बनवूया.

कॅरेक्टरच्या सहा गुणांसाठी तयार मिळणारे आकडे सहा: १५, १४, १३, १२, १०, ८. क्लेरिकचे स्पेल (मंत्र) विस्डमवर (शहाणपणावर) चालतात, म्हणून १५ तिथे. १४ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला). हिल ड्वार्फला विस्डममध्ये १ आणि कॉन्स्टिट्यूशनमध्ये २ वाढवून मिळतात, म्हणजे दोन्ही १६ झाले आणि दोन्हींचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३. मॉडिफायर सम आकड्यावरच वाढतो, म्हणून वंश निवडतानाच ही बेरीज करून बघा. १३ स्ट्रेंथला, हातोडा मारायला. १२ करिश्माला, १० इंटेलिजन्सला. डेक्स्टेरिटीला (चपळाईला) ८ चालतात, कारण जड चिलखतात डेक्स्टेरिटी मोजत नाहीत. इनिशिएटिव्हला (लढाईत आधी कोण, हे ठरवणाऱ्या फाशाला) मात्र थोडा फटका बसतो.

लाइफ डोमेनमुळे जड चिलखत वापरता येतं. चेन मेलचे १६ आणि ढालीचे २ मिळून एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १८. हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) क्लेरिकचे ८ अधिक कॉन्स्टिट्यूशनचे ३, आणि हिल ड्वार्फचा १ जादा, म्हणजे १२. पहिल्या लेव्हलला हे भक्कम आहे.

नवे खेळाडू कॉन्स्टिट्यूशन फक्त हिट पॉइंटसाठी मोजतात. क्लेरिकला त्याहून मोठं कारण आहे. ब्लेस हा स्पेल टाकला की तीन साथीदारांना हल्ल्यात आणि सेव्हमध्ये (संकटातून वाचायच्या फाशात) एक चार बाजूंचा फासा जास्त मिळतो, पण तुमचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवरचं लक्ष) टिकेपर्यंतच. मार बसला की वीस बाजूंचा फासा टाकून कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करायचा: १० किंवा झालेल्या नुकसानाचं अर्धं, यातलं जे जास्त असेल ते गाठायचं. तिथे +३ कामी येतो.

ब्लेस आणि क्युअर वून्ड्स (जखमा भरणारा स्पेल) डोमेनमुळे तयारच असतात. स्वतः निवडायच्या चार स्पेलांत हीलिंग वर्ड घ्याच. तो ६० फुटांवरून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये टाकता येतो. ही टर्नमधली जादा छोटी कृती, म्हणून त्याच टर्नला हातोडाही चालवता येतो. डोमेनचे ३ धरून तो ७ ते १० हिट पॉइंट परत देतो. पहिल्या लेव्हलला स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) दोनच. खरचटल्यावर ते खर्च करू नका. साथीदार शून्यावर कोसळला की वापरा, तो लगेच उठतो.

आता कॅरेक्टरची गोष्ट. ती दोन ओळींची पुरे, पण हा ड्वार्फ या टोळीसोबत का फिरतोय याचं उत्तर तिच्यात हवं. एकलकोंडं, कुणाशी न बोलणारं कॅरेक्टर कागदावर रुबाबदार दिसतं, टेबलावर सगळ्यांचा वेळ खातं. त्यापेक्षा साथीदारांपैकी एकाशी जुनं नातं ठरवा, त्या खेळाडूला विचारून.

चौथ्या लेव्हलला मिळणारे दोन अंक विस्डमलाच द्या. १६ चे १८ झाले की स्पेलचा डीसी (त्यातून वाचायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १३ वरून १४ होतो, आणि प्रत्येक हीलिंग वर्डला एक हिट पॉइंट जास्त मिळतो.