टेकडीवर जायच्या आदल्या रात्रीची तयारी

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की पुण्यात वेताळ टेकडीवर पक्षी, फुलपाखरं आणि चतुर हे तिन्ही एकाच सकाळीत बघून होतात, फक्त आधी घड्याळाचं ठरवा आणि मग बॅग भरा. पक्ष्यांसाठी साडेसहाला वर पोचलेलं बरं, फुलपाखरं साडेआठ-नऊला ऊन चढल्यावर पंख उघडून शेकत बसतात, आणि चतुर बघायचे तर दहानंतर पाण्याकडे जायचं, म्हणजे खाणीतलं डबकं नाहीतर खाली पाषाण तलाव. थोडक्यात चार तास धरून चाला, म्हणजे डबा आणि दोन बाटल्या पाणी आलंच, उपाशी माणूस दहाला घरी पळतो आणि चतुर राहूनच जातात.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची, १० पटवाली हातात हलते. विकत घेताना दुकानातच बघा की दोन मीटरवर फोकस होते का, नाहीतर समोरच्या झुडपावरचं फुलपाखरू बघायला तुम्हालाच मागे मागे सरकावं लागतं. दुर्बीण नसली तरी अडत नाही, चिरक आणि दयाळ हे पक्षी नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात, चिरकाच्या शेपटीखाली विटकरी रंग असतो आणि दयाळाच्या पंखावर लांब पांढरी पट्टी, बस. कपडे मातकट, फुल बाह्यांचे, पायात बूट. मी एकदा हाफ टीशर्टमध्ये गेलो, खाजकुइलीच्या शेंगेला हात लागला आणि पुढचा तासभर पक्षी सोडून नुसता हात खाजवत होतो.

वही छोटी, खिशात मावेल अशी, आणि पेन्सिल, कारण दवाने पेनची शाई फुटते. पक्षी ओळखायच्या अ‍ॅपमध्ये आपल्या भागातल्या पक्ष्यांची माहिती रात्रीच वायफायवर उतरवून ठेवा, पण अ‍ॅप उघडायच्या आधी वहीत दोन ओळी लिहायच्या, कुठे बसलाय, शेपूट हलवतो का, काय खातोय. आवाजावर तर पटकन विश्वास ठेवूच नका. आम्ही एकदा शिक्रा शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) करत दहा मिनिटं माना वर करून उभे, आणि निघाला काळा कोतवाल पक्षी, हा पठ्ठ्या शिक्र्याची नक्कल झकास करतो.

फुलपाखरांतही नकलाकार आहेतच. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर वाढतात, रुईचं विष अंगात असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तसाच नारिंगी वेष करून फिरते. मागचा पंख बघा: प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके, मादीला वरच्या कडेला एकच. हे दिसायला फुलपाखरू शांत बसलेलं हवं, म्हणून खुळखुळ्याची झुडपं कुठे आहेत ते आधी हेरून ठेवा, त्यातली अल्कलॉइड नावाची रसायनं शोषायला ब्लू टायगर फुलपाखराचे नर इतके चिकटून बसतात की तुम्ही हातभरावर गेलात तरी हलत नाहीत. फक्त आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही.

चतुरांसाठी वेगळं काही लागत नाही, टोपी आणि दम. पंख पसरून बसला तर चतुर, मिटून बसली तर बहुधा टाचणी (चतुराची सडपातळ नातेवाईक), आणि शंका आली तर डोळे बघा, टाचणीचे दोन्ही डोळे एकमेकांपासून लांब असतात. तलावाच्या काठी नारिंगी डिच ज्वेल चतुर ढिगाने दिसला म्हणून पाणी स्वच्छ आहे असं समजू नका, त्याला घाण पाणीही चालतं. मैदानावर घिरट्या घालणारे पिवळसर, बसायचं नावच न घेणारे ग्लोब स्किमर चतुर मात्र थेट समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, त्यांचा फोटो काढायच्या नादी लागू नका, बॅटरी संपते.

बॅटरीवरून आठवलं, फोन चार्जिंगला लावा आणि सायलेंटवर टाका. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, पक्षी बोलवायला त्यांचेच आवाज वाजवणाऱ्यांबरोबर मी तरी फिरत नाही. दुर्बिणीची काच पुसायला सुती रुमाल घेतला का?