कमळ बस्तीचं छत, तारेत आणि सुतात

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमळ बस्ती या जैन मंदिरात गेलात तर मुखमंडपात थांबा आणि मान पूर्ण मागे टाका. छतातून दगडी कमळ खाली लोंबताना दिसेल. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये ही बस्ती बांधली. कमळाच्या पाकळ्या ७२ सांगतात, म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. या छताचं छोटं, टांगायचं रूप तारेत आणि सुतात करताना हे तीन चोवीस बहात्तरचं गणित आपण उचलायचं: तारेची तीन कडी आणि प्रत्येकावर २४ खुणा.

हुबेहूब नक्कल मात्र करू नका. दगडावर दगड दाबून बसतो म्हणून ते छत उभं आहे. सुताला दाब कळतच नाही, त्याला फक्त ताण कळतो. त्यामुळे दाब सोसायचं काम तारेला द्यायचं आणि ताणाचं सुताला. ही वाटणी जमली की काम जमलं.

तार हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते. कड्यांसाठी १४ गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार घ्या (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक), उभ्या काड्यांसाठी १६ गेजची आणि बांधायला व पाकळ्यांना २० गेजची. सळ्या बांधायची काळी तार स्वस्त पडते, पण ती तेलकट असते. शिवाय आपल्याकडच्या पावसात गंजून सुतावर तांबूस डाग पाडते. सूत सुतीच हवं, लोकर ताणली की सैल पडत जाते. बेळगावातल्या शहापूर-वडगावात ओळखीचा विणकर असेल तर कोनावर उरलेलं सूत मागून बघा. मागाचं सूत बारीक असतं, म्हणून पाच-सहा पदर एकत्र पिळून घ्या. असं पिळलेलं तीस मीटर भरपूर होतं.

कडी करायला ९८, ६७ आणि ३५ सेंटिमीटरचे तुकडे कापा. टोकं चार सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन बारीक तारेने आवळलीत की ३०, २० आणि १० सेंटिमीटर व्यासाची कडी होतात. डबा किंवा पातेलं मध्ये धरून वाकवलीत तर गोलाई चांगली येते.

आता खुणा. कड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून बरोबर मापाने कापा. तिची तिसऱ्या हिश्शात घडी घाला, मग तीनदा निम्मी करा. चोवीस भाग झाले. पट्टी परत गुंडाळून मार्करने खुणा उतरवा.

उभ्या काड्या सहा, प्रत्येकी २५ सेंटिमीटरच्या. दर चौथ्या खुणेवर एक. मोठं कडं खाली, त्याच्या ८ सेंटिमीटर वर मधलं, आणखी ६ वर लहान. काडीची टोकं पक्कडीने कड्यांभोवती वळवा, मधल्या कड्याला एक वेढा द्या. सांगाडा टेबलावर ठेवून बोटाने दाबून बघा. डुलत असेल तर पुढे जाऊ नका, आधी बारीक तारेने आवळा.

सूत ओढणं हाच खरा भाग, घाई इथे नडते. आधी वरचा मजला घ्या: वरच्या, म्हणजे लहान कड्याच्या पहिल्या खुणेवर सुरगाठ मारा आणि सूत काड्यांच्या आतून तिरकं नेऊन खालच्या, म्हणजे मधल्या कड्याच्या पाचव्या खुणेवर एक वेढा द्या. तिथून कड्यालगत सहावीवर या, परत वर दुसरीवर, शेजारच्या तिसरीवर, तिथून खाली सातवीवर. असंच फिरत राहा. प्रत्येक धागा सरळच असतो, पण मिळून पृष्ठभाग कमरेसारखा आत वळतो. हे पहिल्यांदा बघताना मी सूत ओढायचंच विसरलो होतो.

माझी पहिली चूकही इथलीच. चोवीसच्या चोवीस धागे एकाच अंगाला ओढले आणि अख्खा सांगाडा पिळलेल्या धोतरासारखा फिरला. म्हणून सहा धागे उजवीकडे ओढलेत की दुसऱ्या सुताने सहा डावीकडे ओढा, म्हणजे पाचवीवरून खाली पहिलीकडे. दोन रंग घेतलेत तर गोंधळ होत नाही. शेवटी निरगाठ आणि फेव्हिकॉलचा थेंब. मधल्या आणि मोठ्या कड्यामधल्या खालच्या मजल्यालाही हीच रीत.

कमळाला आठ पाकळ्या पुरतात. बारीक तारेचे १४ सेंटिमीटरचे तुकडे दुमडून पानाचा आकार द्या, टोकं पिळा आणि आत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं सूत भरा. देठ एकत्र बांधून लहान कड्यावर आडव्या बांधलेल्या दोन तारांना उलटं टांगा.

वस्तू शोकेसमध्ये ठेवली तर कमळ दिसणारच नाही. डोक्याच्या वर, जिन्यात किंवा सोप्यात, जिथे जाता-येता मान वर होते तिथे अडकवा. वर छोटा बल्ब लावलात तर रात्री फरशीवर जाळीची सावली पडते.